कार्बोरेटरचं रूट कॅनॉल

दातांच्या डॉक्टरांची मोटरसायकल बिघडलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्यांनी ही हकिकत ज्याला ज्याला सांगितली, त्याला ती गाडी बिघडल्यापासूनच सांगितली. गाडी ठणठणीत होती. आणि खरं बोलायचं तर ती त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोची होती.

बायको गुरांची डॉक्टर. घरात दोन डॉक्टर असल्यामुळे लोकांची पंचाईत व्हायची, म्हणून लोकांनीच वाटणी करून टाकली होती: नवरा म्हणजे ‘डॉक्टर’ आणि बायको म्हणजे ‘बाई’. बाईंचे पेशंट बोलत नसत, आणि डॉक्टरांच्या पेशंटना बोलायची सोय नसे, एवढाच काय तो दोघांच्या धंद्यातला फरक. बाईंना मात्र चढावरच्या गोठ्यांपर्यंत जावं लागे, वेळी-अवेळी जावं लागे, म्हणून ही मोटरसायकल. ती त्यांच्या वडिलांनी घेतलेली, वडिलांनीच शिकवलेली. सकाळी बाई अंगणात यायच्या, औषधांची बॅग टाकीवर ठेवायच्या, किकवर पाय द्यायच्या आणि एका दणक्यात गाडी सुरू. दुसरी किक मारल्याचं शेजाऱ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांना गाडी येत नव्हती. तरुणपणी एकदा शिकायला घेतली होती, तेव्हा ती त्यांना घेऊन थेट एका चपलांच्या दुकानात शिरली. तेव्हापासून ते मागे बसत. रोज सकाळी डबा मांडीवर, चष्मा सावरत, बायकोच्या मागे बसून दवाखान्यात. वाटेत जो तो हात करायचा तो बाईंना. “काय बाई, निघालात?” मागे बसलेल्या माणसाकडे कुणी पाहिलंच तर डब्यात काय असेल या नजरेनं.

दवाखान्यात पाऊल टाकलं की मात्र त्यांचं राज्य सुरू व्हायचं. पेशंट आडवा, दिवा तोंडावर, आरसा आत. मग डॉक्टर जिभेनं च्‌ च्‌ करायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, “हे कोणी भरलंय?” या प्रश्नावर त्यांची प्रॅक्टिस उभी होती. पेशंट बिचारा आ वासून असल्यामुळे नाव सांगू शकत नसे, आणि डॉक्टरांना नाव नकोच असे. आधीच्या माणसाच्या हातात काही दम नव्हता एवढं पेशंटच्या मनात बसलं की झालं. एकदा असंच विचारल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका कापूस थुंकून म्हणाल्या, “तुम्हीच.” डॉक्टर आरसा पुसत म्हणाले, “तरीच एवढं टिकलं.”

तर अशा माणसाच्या बाबतीत बायको प्रशिक्षणाला परगावी गेलेली, गाडी अंगणात उभी आणि दवाखान्याला सुट्टी, असं सगळं एकदम जुळून आलं.

त्यातच त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक तरतरीत माणूस, पांढराशुभ्र शर्ट घालून, हाताला डाग न लावता घरच्या घरी कार्बोरेटर साफ करत होता. आधी कार्बोरेटर म्हणजे काय ते त्याने सांगितलं: पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारं एक भांडं, त्यात पितळेचे बारीक भोक असलेले तुकडे, त्यांना जेट म्हणतात, त्या भोकांत घाण साचते, ती काढायची. डॉक्टर ताडकन उठून बसले. बारीक भोक. आत घाण. ती काढायची. म्हणजे गेली तीस-पस्तीस वर्षं ते दुसरं करत तरी काय होते?

“ही बाई आली की एक किक मारेल आणि म्हणेल, गाडीला काय केलंत हो? नवी झाली!” असं ते आरशात बघून दाढी करताना मोठ्यानं म्हणाले. या वाक्यासाठीच पुढचं सगळं झालं.

कार्बोरेटर गाडीतून सुटता सुटता दुपार झाली. तो त्यांनी रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेला आणि पेशंटच्या खुर्चीवर, जिथे डोकं टेकतात तिथे ठेवला. दिवा खाली ओढला. मास्क लावला. हातमोजे घातले. सुट्टीच्या दिवशी फरशी पुसून घ्यायला आलेल्या सिस्टर दारात थबकल्या. या सिस्टर त्यांच्याकडे पहिल्यापासून होत्या आणि डॉक्टरांची सगळी सोंगं त्यांना पाठ होती.

“पेट्रोलचा वास येतोय, डॉक्टर.”

“येणारच. तोंड उघडलं की वास येतोच.”

“खुर्चीला लागेल ते.”

“चिमटा द्या.”

सिस्टरनी चिमटा दिला आणि खिडकी उघडली.

डॉक्टरांचे हात छान चालतात, यात वाद नाही. खालची वाटी अलगद निघाली. आतला तरंगता फ्लोट निघाला. दोन जेट निघाले, एक मोठा आणि एक लहान. मोठ्या जेटमध्ये त्यांनी दिव्याखाली भिंग लावून पाहिलं. खरं तर आत काही नव्हतं. पण आत काही नाही असं पेशंटला आजवर त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, ते कार्बोरेटरला काय सांगणार! त्यांनी रूट कॅनॉलच्या सुया घेतल्या. या सुया दाताच्या मुळात घालून फिरवायच्या असतात, बारीकपासून जाडपर्यंत ओळीनं. एक सैल झाली की पुढची. पितळ दातापेक्षा मऊ. सुई फिरायला लागली की सोनेरी भुकटी बाहेर यायची आणि डॉक्टर समाधानानं म्हणायचे, “बघा, किती घाण होती!”

मग त्यांनी दात चकचकीत करायची पेस्ट घेतली आणि सगळे भाग आतून-बाहेरून घासले. लहान जेटच्या भोकात पेस्ट गेली ती तिथेच राहिली, कारण ते भोक केसाएवढं होतं आणि बाहेरून ते फारच सुंदर दिसत होतं. सगळं झाल्यावर त्यांनी कार्बोरेटर हातावर घेऊन सिस्टरना दाखवला. तो एखाद्या नव्या दाढेसारखा लखलखत होता.

“छान,” सिस्टर म्हणाल्या. “पण गाडीत बसवल्यावर दिसणार कुणाला?”

डॉक्टर कार्बोरेटर पुन्हा रुमालात गुंडाळून घरी गेले.

कार्बोरेटर बसला. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. चष्मा घसरला, शर्ट पाठीला चिकटला, किक उलटून नडगीवर बसली. शेवटी थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक ओढला तेव्हा गाडी भडभडून सुरू झाली. डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी तरी पाहायला हवं होतं म्हणून. कुणीतरी होतंही. शेजारचे वकील रात्रीच्या जेवणानंतर कठड्याशी उभे राहून दात घासत होते. त्यांच्यादेखत डॉक्टरांनी ऐटीत चोक आत ढकलला. गाडी मेली. पुन्हा चोक ओढला, जिवंत झाली. चोक ढकलला, मेली. मग त्यांनी चोक ओढलेलाच ठेवून रेस दिली. गाडीनं एक मोठा ढेकर दिला, काळा धूर सोडला आणि वकिलांच्या दोरीवरचे पांढरे सदरे राखाडी करून बंद पडली.

“पेट्रोलात भेसळ,” वकील तोंडातल्या फेसासकट म्हणाले. “पंपावर दावा लावा. मी बघतो.”

पुढच्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पेशंटला गाडीची केस सांगितली. पेशंटच्या तोंडात बोळे असल्यामुळे कुणी मध्येच अडवलं नाही. मुख्याध्यापिका तर खुर्चीत पडल्या पडल्या हात हलवून काहीतरी सांगत होत्या. डॉक्टर म्हणाले, “थोडंसंच दुखेल,” आणि त्यांनी आणखी एक बोळा घातला. बाहेर पडताना त्या सिस्टरना म्हणाल्या, “मी एवढंच विचारत होते, की ती आधी चालत होती ना?”

संध्याकाळी डॉक्टर गाडी ढकलत गॅरेजात गेले. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणायचे. उस्तादानं गाडीला हात लावायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकला, कार्बोरेटरकडे पाहिलं, जिभेनं च्‌ च्‌ केलं आणि मान हलवली.

“हा हात कोणाचा?”

डॉक्टरांनी चष्मा सावरला. तो सूर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता.

“आहे एक ओळखीचा माणूस,” ते म्हणाले.

“ओळख तोडा त्याच्याशी.”

मग उस्तादानं गाडी रस्त्यावर नेली. ती गल्लीच्या टोकापर्यंत फटफट करत, धक्के खात गेली आणि परत येताना उस्ताद तिला ढकलत आला. घाम पुसत तो म्हणाला, “प्लग गेलाय.” प्लग काढला, काळाकुट्ट निघाला, नवा घातला. तोही लगेच काळा झाला. “मग कॉइल असेल.” कॉइलला काही झालेलं दिसेना तेव्हा त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. “डॉक्टरसाहेब, स्पष्ट सांगतो. वेळीच आणली असतीत तर वाचली असती. आता इंजिन उघडावं लागेल. असंच ठेवलं तर शेजारच्या भागातही पसरेल.”

“कार्बोरेटर उघडून बघता का एकदा?”

“तो? तो तर चकाचक आहे! असा स्वच्छ कार्बोरेटर मी जन्मात पाहिला नाही.”

डॉक्टरांना क्षणभर इतकं बरं वाटलं, की ते इंजिन उघडायला होकार देणार होते. पण ‘पसरेल’ हा शब्द त्यांनी स्वतः इतक्या वेळा वापरलेला होता, की त्याचा अर्थ त्यांना नीट माहीत होता. “विचार करून सांगतो,” असं म्हणून त्यांनी गाडी पुन्हा ढकलत घरी आणली. त्यांच्या दवाखान्यातून असं म्हणून गेलेली माणसंही कधी परत आली नव्हती.

बाई ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच परत आल्या. अंगणात गाडीवर चादर घातलेली होती.

“अरे वा, झाकून ठेवलीत!”

“धूळ बसते,” डॉक्टर म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. एरवी ते चहा टाकत नसत. बाईंनी चादरीकडे एकदा आणि स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं, पण प्रवासानं त्या शिणल्या होत्या. त्या चहा पिऊन झोपल्या. डॉक्टर मात्र मनातल्या मनात वाक्य जुळवत बसले. ‘अगं, एक गंमत झाली’ असं सुरू करावं, की ‘पेट्रोलात हल्ली फार भेसळ’ असं? यातलं एकही पक्कं व्हायच्या आत उजाडलं आणि फोन वाजला.

चढावरच्या गोठ्याची मालकीण बोलत होती. गाय अडली होती, कळा येऊन थांबल्या होत्या, वासराचा एकच पाय दिसत होता. बाईंनी बॅग उचलली, चादर ओढून टाकली आणि किक मारली.

गाडी गप्प. बाईंनी खाली पाहिलं. दुसरी किक मारली. शेजारी वकिलांची खिडकी उघडली.

“चोक ओढ,” डॉक्टर दारातून म्हणाले.

“मी गेले चारच दिवस तर नव्हते,” बाई म्हणाल्या. “हिला चोक कधीपासून लागायला लागला?”

“गारठा आहे.”

चोक ओढल्यावर गाडी सुरू झाली, सोडल्यावर मेली. चोकची दांडी जुनी, त्यात डॉक्टरांच्या ओढाताणीनं सैल झालेली; आता ओढली की आपोआप परत आत जायची. कुणीतरी ती हातानं धरून ठेवणं भाग होतं. दुसरं वाहन शोधायला वेळ नव्हता. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“बसा मागे. आणि धरा.”

अशी ती वरात निघाली. बाई पुढे. मागे डॉक्टर, पायजम्यावर स्वेटर घातलेले, एका बाजूला कलंडून, बायकोच्या गुडघ्याखालून हात घालून चोकची दांडी चिमटीत धरलेले. इंजिनाचा चटका बसत होता, पण सोडायची सोय नव्हती. जास्त रेस दिली की गाडी गुदमरायची, कमी केली की मरायची. मधल्या एवढ्याशा टप्प्यात, बैलाच्या चालीनं ती चढत होती. फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ फिरायला निघाले होते. ते त्यांच्या शेजारून चालत चालत पुढे निघून गेले.

पहिल्या वळणावर बाई म्हणाल्या, “काय केलंत?”

“थोडी साफसफाई.”

“कशाची?”

“कार्बोरेटरची. वरवर.”

गाडी फट्‌ करून बंद पडली. दोघं उतरली, पुन्हा किक, पुन्हा चोक, पुन्हा मागे कलंडून बसणं.

दुसऱ्या वळणावर: “वरवर म्हणजे उघडला?”

“उघडल्याशिवाय वरवर कसं दिसणार, अगं?”

पुढे आणखी एकदा गाडी बंद पडली तेव्हा दवाखान्यात नेल्याचं बाहेर आलं. त्यापुढे खुर्चीचं बाहेर आलं. चढ संपता संपता रूट कॅनॉलच्या सुया बाहेर आल्या. प्रत्येक वेळी गाडी थांबली, की डॉक्टरांच्या तोंडून एकेक गोष्ट निघायची. भूल न देता एकेक दात काढल्यासारखं चाललं होतं. बाई ओरडल्या नाहीत. त्या गप्प बसल्या, आणि त्यानं डॉक्टरांची जास्तच पाचावर धारण बसली. त्यांना काय माहीत, बाई रागावलेल्या नव्हत्या, निदान अजून तरी नव्हत्या. त्या गाडीचं ऐकत होत्या.

“आजवर कुणी तिला विचारलं का,” त्या शेवटी म्हणाल्या, “की कधी होतं?”

“कुणाला?”

“गाडीला. बघा ना. रेस कमी असली की चोक लागतो, म्हणजे जास्तीचं पेट्रोल मागते. म्हणजे खालच्या बाजूला उपाशी आहे. रेस दिली की गुदमरते, काळा धूर सोडते. म्हणजे वरच्या बाजूला अजीर्ण. एकाच वेळी उपासमार आणि अजीर्ण. हा एक आजार नाही हो, दोन आहेत. एकावर औषध केलं की दुसरा उसळणार. लहान जेट बंद झालाय आणि मोठा... मोठ्यात किती सुया घातल्यात?”

“ओळीनं,” डॉक्टर म्हणाले. “शेवटची जरा जाड होती.”

“पितळ निघालं?”

“मला वाटलं घाण आहे.”

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले, कारण समोर गोठा आला होता.

मालकीण वाटेतच उभी होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले. “किती वेळ बाई! मला वाटलं वाटेत पंक्चर झालात.” मग तिनं धुरानं काळवंडलेल्या, वाकलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. “हे कोण? कंपाउंडर?”

“नवरा.”

“बरं. मग शेपूट धरा.”

दातांचा डॉक्टर असं सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोवर शेपूट हातात आलं होतं. बाईंनी कोपराच्या वरपर्यंत हात धुतले, आत घातला आणि मान एका बाजूला कलती करून थांबल्या. वासराचा एक पाय आत दुमडून अडकला होता. ओढायचं नव्हतं. आधी मागे ढकलायचं होतं, जागा करायची होती, खुराला तळव्यात झाकून पाय सरळ करायचा होता. बाई गायीशी बोलत होत्या, “हो गं, हो, कळतंय मला,” आणि गाय हुंकारत होती. डॉक्टर शेपूट धरून उभे होते आणि बायकोच्या खांद्याकडे पाहत होते. संसाराला इतकी वर्षं झाली, पण बायको कामावर असताना त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. तिला दवाखान्याच्या दारात आपल्याला उतरवून निघून जाताना तेवढं पाहिलं होतं. त्या खांद्यात किती जोर आहे आणि तो ती किती राखून वापरते, हे बघताना त्यांच्या हातातलं शेपूट सैल झालं आणि ओलं शेपूट फटकन त्यांच्याच तोंडावर बसलं.

वासरू आलं ते नाकपुड्यांत चिकटा भरून, निपचित. मालकिणीनं तोंड फिरवलं. बाईंनी त्याचं तोंड पुसलं, बरगड्या चोळल्या. “आतलं निघत नाहीये. माझं बोट जात नाही तिथे.” डॉक्टर शेपूट सोडून पुढे आले. त्यांच्या स्वेटरच्या खिशात चोकशी झटापट करायला म्हणून घेतलेला दवाखान्यातला चिमटा होता. त्यावर मालकिणीच्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून, इतक्या बारीक जागेत, जराही न खरवडता त्यांनी चिकटा बाहेर काढला, एकदा, दोनदा. वासरू शिंकलं. ती सगळी शिंक डॉक्टरांच्या चष्म्यावर गेली.

“कंपाउंडर चांगला आहे,” मालकीण म्हणाली.

गाय वासराला चाटायला लागली तेव्हा बाहेर ऊन पडलं होतं. मालकिणीनं दोघांना चहा दिला. बाईंनी तिच्याकडून पाना आणि पेचकस मागून घेतला आणि गाडीजवळ बसल्या. डॉक्टर चार पावलं लांब उभे राहिले.

“या इकडे,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच उघडा. तुमचा हात बारीक आहे. फक्त मी सांगेन तेवढंच करायचं. एका वेळी एक.”

वाटी काढली. लहान जेट काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, एक डोळा मिटला. भोकातून आभाळ दिसायला हवं होतं, ते दिसत नव्हतं. त्यांनी जेट नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा पडला. पुदिन्याचा वास येत होता.

“पेस्ट,” ते म्हणाले. “वाळली आत.”

“आता सुई घालाल?”

“नाही.” ते जोरात म्हणाले. “धातू नाहीच घालायचा.” जेट गरम पाण्यात बुडवला. पेस्ट मऊ पडली, पण निघेना. डॉक्टर विचारात पडले, मग उठून गोठ्यात गेले आणि मालकिणीला विचारून गायीच्या शेपटाचा एक राठ केस कापून आणला. तो जेटमधून ओवला, हळूच मागे-पुढे केला. पांढरा दोरा निघावा तशी पेस्ट निघाली. पुन्हा उजेडात धरला. टाचणीच्या टोकाएवढं आभाळ दिसलं. एवढंसं आभाळ बघून डॉक्टरांना जो आनंद झाला तो आख्खा कार्बोरेटर चमकवूनही झाला नव्हता.

मोठ्या जेटचं मात्र काही करण्यासारखं नव्हतं. भोक मोठं झालेलं होतं, ते झालेलंच राहणार होतं. डॉक्टर तो बोटांत फिरवत राहिले.

“एक सुचतं,” ते जरा चाचरत म्हणाले. “दाताचं सिमेंट असतं ना आपलं. ते भरून, वाळवून, त्यात नवीन भोक...”

“अहो.”

“नाही, मी आपलं सुचवलं.”

“नवीन घालायचा जेट. मिळतो दुकानात.”

तर सगळं परत जोडलं. बाईंनी चोक न ओढता किक मारली. पहिल्या किकेला गाडी लागली नाही, दुसरीला लागली, आणि तशीच टुकटुक करत उभी राहिली, कुणीही न धरता. डॉक्टरांनी सवयीनं हात खाली नेला होता, तो त्यांनी खिशात घातला. रेस जास्त दिली तर अजून गुदमरत होती, पण उतारावर जास्त रेस लागतेच कुणाला? घरी येईपर्यंत ती एकदाही बंद पडली नाही. मघाचे म्हातारे गृहस्थ परत येत होते. या वेळी दोघांनी त्यांना मागे टाकलं. डॉक्टरांनी वळून त्यांना हात केला.

घरी आल्यावर मात्र बाई रागावल्या. इतका वेळ गायीमुळे आणि गाडीमुळे राग तुंबून राहिला होता, तो सगळा निघाला. गाय गेली असती तर? वासरू गेलं असतं तर? चादर घालून ठेवता? फोन करता येत नव्हता? साधं दोन शब्दांत सांगता येत नव्हतं? डॉक्टर खाली मान घालून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी “तुला सरप्राइज...” एवढं म्हणून पाहिलं.

“कसलं सरप्राइज? ती चालत होती!”

“हो ना,” डॉक्टर म्हणाले. “म्हणूनच तर. बिघडलेली असती तर माझा कुठला हात लावायचा धीर होता!” मग हळूच म्हणाले, “रोज तूच ने-आण करतेस. मी आपला डबा धरून बसतो. वाटलं, एखादी गोष्ट आपल्याकडूनही तुझ्या उपयोगाला यावी.”

बाई उठल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या भाजलेल्या बोटांवर मलम लावलं. मलम गुरांचं होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

नवा जेट बाईंनी स्वतः आणला आणि स्वतः बसवला. डॉक्टरांना दिवा धरायला दिला. त्यानंतर गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळायला लागली. अगदी पहिल्यासारखी नाही म्हणा. सुरू व्हायला आता कधी एक, कधी दोन किक लागतात आणि दुसऱ्या किकेला वकिलांची खिडकी हमखास उघडते. उस्तादाला गाडी दुरुस्त झाल्याचं कळलं तेव्हा तो म्हणाला, “मी म्हटलंच होतं, प्लग बदलून फरक पडेल.” वकिलांनी पंपावरचा दावा तूर्त मागे ठेवला. सिस्टरनी रूट कॅनॉलच्या सुयांचा डबा कुलपात टाकला आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

डॉक्टरांनी काही दिवस “हे कोणी भरलंय?” विचारणं सोडून दिलं होतं. पेशंटना ते जरा आजारी वाटले. काहीजण तर दुसऱ्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. मग हळूहळू प्रकृती सुधारली आणि ते पुन्हा विचारायला लागले.

दंतवैद्यांच्या वार्षिक स्नेहभोजनात त्यांनी ही हकिकत सगळ्या टेबलाला ऐकवली. तिच्यात गाडी आपोआप बिघडली होती, उस्तादानं हात टेकले होते, चढ बराच उभा झाला होता आणि वासरू तर जवळजवळ त्यांनीच जन्माला घातलं होतं. गायीच्या केसाचा प्रसंग आल्यावर त्यांनी काटा हातात घेऊन तो असा करून दाखवला, की समोरच्या तरुण दंतवैद्यानं जेवण थांबवलं. बाई शेजारीच बसल्या होत्या. त्या शांतपणे जेवत होत्या.

“आणि तुम्ही काय करत होतात, वहिनी?” कुणीतरी विचारलं.

डॉक्टरांचा काटा हवेतच राहिला.

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. नवऱ्याच्या बोटांवर अजून गुलाबी डाग होते, त्यांच्याकडे त्यांची नजर गेली.

“मी?” त्या म्हणाल्या. “मी गाडी चालवत होते.”

टेबल हसलं. सगळ्यात जास्त डॉक्टर हसले, आणि मग त्यांनी आपल्या ताटातली मिठाईची वाटी कुणाला न दिसेलशी बायकोच्या ताटाकडे सरकवली.